आठ दिवसांची रजा

कार्तिक लागला की मळवलीच्या शिवारात आंबेमोहर भाताचा वास सुटतो आणि माझं डोकं फिरतं. लोणावळ्याला हवा खायला आलेली मुंबईची मंडळी फिरत फिरत आमच्या बांधापर्यंत येतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "वा, काय सुगंध आहे हो तुमच्याकडे!" मी मान हलवतो. मनात म्हणतो, घेऊन जा बाबांनो पिशवीत भरून, मला नको. माझी बायको हौसा चुलीपुढून ओरडते, "आलं का तुमचं कार्तिकातलं टकुरं?" आलं. इंग्रज गेले, घाटात विजेच्या तारा येऊनही बरीच वर्षं झाली, मी नोकरीतून सुटून भाताचा शेतकरी झालो, पण हे टकुरं काही सुटलं नाही.

मी रेल्वेत इंजिन चालवत होतो, वाफेचं. आधी लोणावळ्याच्या शेडमध्ये फायरमन. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला दुसरं इंजिन लागायचं, त्या रेटणाऱ्या इंजिनावर मी कोळसा मारायचो. मळवलीचं घर जवळ. पाळी संपली की अंगावरची काजळी घेऊन घरी यायचो आणि हौसा मला उंबऱ्याच्या आत घेण्याआधी दोन घागरी पाणी ओतायची. तेव्हा हे सुख आहे हे मला कुणी सांगितलं नाही.

लोकांना वाटतं, शेताला हंगाम असतो आणि नोकरीला नसतो. आमच्या नोकरीलाही होता, आणि तोही नेमका भाताबरोबर यायचा. दसरा झाला की शेडच्या बोर्डावर कागद लागायचा. कल्याणला दोन जागा, पुण्याला एक, मनमाडला चार, भुसावळला सात. ज्याला हलायचं त्यानं अर्जात तीन ठिकाणं पसंतीनं लिहायची. जागा कुणाला, ते नंबरावर ठरायचं. नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या यादीतला नंबर. आधी ड्रायव्हर झाला तो वर, मागून झाला तो खाली. इथवर कुणालाही पटेल. पण त्याच्या पोटात दोन काटे होते. एकदा नव्या शेडमध्ये हजर झालात की तीन वर्षं बंदी, दुसरीकडे अर्ज करायचा नाही. आणि मिळालेली जागा नको म्हणालात तर यादीत थेट तळाला, मग तुमची वीस वर्षं झालेली असोत की दोन. गोऱ्या ड्रायव्हरांची यादी वेगळी होती. ती बोर्डावर लागत नसे. त्यांना हव्या त्या ठिकाणी बंगले रिकामे होत असत, कसे होत ते आम्ही विचारायचं नसे.

तो महिनाभर अख्खी शेड खोटं बोलायची. एरवी एकाच फडक्यातली भाकरी दोघं खाणारी माणसं, इंजिनाखाली एकमेकांच्या भरवशावर शिरणारी माणसं, पण कुठं अर्ज टाकला ते आपल्या सावलीलाही सांगायची नाहीत. "कुटं टाकलास रं?" "मी? छ्या! मी हितंच बरा." प्रत्येक जण हितंच बरा, आणि प्रत्येकाच्या खिशात भरलेला अर्ज. ज्याला पुणं हवं तो पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी सांगत हिंडायचा. भुसावळहून आलेला एक जण तिथली केळी एवढी वाखाणायचा की ऐकणाऱ्याचा घास अडकावा. त्याला स्वतःला अर्थातच तिकडं परत जायचं नव्हतं. मी हसायचो. अजून फायरमन होतो, माझी पाळी यायची होती.

ती आली. मी आणि बेडशाचा किसन एकाच दिवशी ड्रायव्हर झालो. यादीत मी वर, किसन एका नंबरानं खाली. नव्या ड्रायव्हरला पहिली जागा मागता येत नसे, मिळेल तिकडं जायचं. आम्हा दोघांना दौंड मिळालं. हुकूम दिवाळी सरता सरता हातात पडला आणि इकडं भात कापणीला उभं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दृष्टी गेलेली. घरात कापणारी एकटी हौसा.

आमच्याकडे अशा वेळी इर्जिक घालतात. चार घरांना सांगायचं, ती आपापले विळे घेऊन येतात, दिवसभर कापतात, आपण त्यांना पोटभर जेवू घालायचं. उद्या त्यांच्यात आपण जायचं. मजुरीचा विषय नाही. हौसा म्हणाली, "तुमी बेलाशक जा. मी इर्जिक घालते. येतील लोक."

मला ते झोंबलं. घरात धडधाकट नवरा असताना बायकोनं दारोदार जाऊन माणसं गोळा करायची? माझ्या नावानं नाही, तिच्या नावानं? मी म्हणालो, "काही नको. मी रजा काढतो आन् भात घरात टाकूनच जातो."

ऑफिसातले बडे बाबू त्या दिवशी काय गोड बोलले! चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "घ्या की आठ दिवस. शेतीवाडीवाल्या माणसाची अडचण आम्ही समजायची नाही तर कुणी?" मला तो माणूस देव वाटला. किसनचंही भात बेडशाला उभं होतं. तो म्हणाला, "आईनं इर्जिक सांगितलीया. म्या उद्याच्या गाडीनं निगतो." मी त्याची टर उडवली. "आईच्या जिवावर शेती करतो का रं, किसन्या?" तो नुसता हसला, वळकटी उचलली आणि गेला.

ते आठ दिवस मला तासातासानं आठवतात, आणि राग येतो तो याचाच. सकाळी दवानं विळ्याची मूठ ओली व्हायची. लोहगडावरून ऊन खाली उतरायला वेळ लागायचा, तोवर आम्ही थंडीतच कापत असायचो. हौसाचा हात माझ्यापेक्षा जलद. ती पुढं गेली की मागं वळून बघायची नाही, पण विळ्याचा आवाज मुद्दाम हळू करायची. दुपारी बांधावर बसून आबा नाकानं सांगायचे कुठलं वावर कापून झालं. "खालचं ऱ्हायलंय अजून," म्हणायचे, आणि खरंच राहिलेलं असायचं. आठव्या दिवशी शेवटचा भारा खळ्यावर टाकला तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. हौसानं ते बघितले आणि म्हणाली, "झाली हौस?" मला वाटलं ती लाडानं म्हणतेय.

दौंडला मी तीन वर्षं काढली. उन्हाळ्यात इंजिनाच्या दांड्याला हात लावला की चरका बसायचा, पाणी खारट, जमीन एवढी सपाट की नजरेला अडायला काही नाही. मावळातल्या माणसाला डोंगर दिसला नाही की आपण कुठं तोंड करून उभे आहोत तेच कळत नाही. वर्षातून रजा अशी किती मिळणार? दोन दिवस, तीन दिवस. घरी यायचो तो पाहुण्यासारखा, भाताला ओंब्या कधी आल्या ते हौसा सांगायची तेव्हा कळायचं. एकच गोष्ट मी जपमाळेसारखी मोजत होतो, बंदी कधी सुटते.

तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर बोर्डावर कागद लागला, त्यात लोणावळ्याला एक जागा होती. एकच. आमच्या वरच्यांपैकी कुणाचंच घर त्या बाजूला नव्हतं. किसन सरळ माझ्याकडे आला. "दत्तू, मी लोनावळं टाकतोय. पन तू वर हायेस, तुलाच मिळंल. मिळू दे. तुजा आबा आंधळा हाय." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मी? मी पुन्याला टाकनार." त्याच्यापासून लपवायचं काही कारण नव्हतं, तो माझ्या खाली होता, माझं काही बिघडवू शकत नव्हता. पण तीन वर्षांत मीही शेडचा झालो होतो. माझ्या अर्जात तिन्ही रकान्यांत लोणावळं होतं.

एवढंच नाही. मी इतका निश्चिंत होतो की घरी पत्र टाकलं. हौसाला वाचता येत नसे, मळवली स्टेशनवरचा पोर्टर वाचून दाखवायचा. लिहिलं, "बदली झाल्यात जमा आहे. यंदा इर्जिक घालू नकोस. आपण दोघं कापू."

यादी लागली. लोणावळ्यापुढे किसनचं नाव. माझ्या नावावर तांबड्या शाईची रेघ.

मी तडक दौंडच्या ऑफिसात गेलो. इथले बाबू वेगळे, पण चष्म्याच्या वरून बघायची रीत तीच. त्यांनी फाईल उघडली, माझ्याकडे न बघता बोट फिरवलं. अर्जाच्या शेवटच्या तारखेला माणूस बंदीतून मोकळा पाहिजे. बंदी हुकमाच्या तारखेपासून नाही, हजर झाल्याच्या तारखेपासून मोजतात. मी मोकळा होणार होतो शेवटच्या तारखेनंतर पाच दिवसांनी. आठ दिवस आधी हजर झालो असतो तर तीन दिवस शिल्लक राहिले असते. किसनचे राहिले होते. "पण रजा तुमीच मंजूर केलीवती," मी म्हणालो. ते म्हणाले, "केली असेल. तेव्हा गोड लागली ना? नियम म्हणजे नियम." आणि फाईलची नाडी बांधायला लागले. ती नाडी त्यांच्या गळ्याभोवती आवळावी असं मला वाटलं, ते मी इथं लिहून ठेवतो.

बाहेर किसन उभा होता. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाला, "मी नको म्हनून सांगतो. नंबर तळाला गेला तर जाऊ दे."

"तू नको म्हनलास तर खालच्याला जाईल. मला न्हाई. मी बंदीत हाय."

"मग काय करू, सांग तू."

"तुला तारीख ठावं हुती. मुद्दाम बोलला न्हाईस."

"आईच्यान न्हाई, दत्तू."

तो खरं बोलतोय हे मला त्याच्या तोंडाकडे बघताच कळलं होतं. माझ्या आयुष्यात मी एवढा खरा माणूस बघितला नाही. तरी मी पाठ फिरवली, आणि तो लोणावळ्याला निघाला त्या दिवशी स्टेशनवरही गेलो नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती मला विझवायची नव्हती. राग धरून बसण्यात एक मजा असते. आपलं चुकलं नाही असं तो आपल्याला सारखं सांगत राहतो.

या रागात माझं एक काम करायचं राहून गेलं. घरी कळवायचं.

"बदली झाली नाही, इर्जिक घाल," एवढंच लिहायचं होतं. कार्ड माझ्या ट्रंकेत होतं. पण काय लिहिणार? आठ दिवसांनी हुकलो? ज्या आठ दिवसांत मी मर्दुमकी दाखवली त्याच आठ दिवसांनी? आज लिहू, उद्या लिहू करत मी दहा-बारा दिवस घालवले. तिकडं हौसा वाट बघत होती. भात पिकलं, पिवळं झालं, वाळलं. आजूबाजूची वावरं रिकामी झाली, आमचं तेवढं उभं. आंबेमोहर फार वेळ थांबत नाही. दाणे झडायला लागले. आबा बांधावर बसून म्हणायचे म्हणे, "हौसा, वास उतरला गं. भात खाली पडतंय."

किसन लोणावळ्याला हजर झाल्यावर दुसऱ्याच सुटीत मळवलीला उतरला, मी कळवलं असेलच असं समजून, सहज आबांना भेटायला. त्यानं वावर बघितलं आणि आल्या पावली बेडशाला गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताना बेडशाची दहा माणसं आमच्या शेतात होती. निम्मं भात मिळालं, निम्मं मातीनं खाल्लं.

हे मला पुढच्या रजेत आबांनी सांगितलं. आणि मला काय वाटलं? उपकार वाटले? नाही. माझ्या जागेवर बसलेला माणूस माझ्या शेतात विळा घालतो, असं वाटलं. हौसानं मला वाढलं आणि माझ्याकडे पाठ करून भांडी घासत बसली.

पुढची दोन वर्षं बोर्डावर लोणावळ्याचा रकाना कोरा. मी मोकळा होतो आणि जागा नव्हती. तिसऱ्या वर्षी एक म्हातारा ड्रायव्हर सुटला आणि माझी पाळी आली. म्हणजे दौंडात सहा वर्षं. सहाव्या कार्तिकात मी ट्रंक घेऊन मळवलीला उतरलो. आंबेमोहराचा वास स्टेशनपर्यंत आला होता. तेव्हा तो मला शेवटचा आवडला.

अंगणात पाऊल टाकलं तर ओटीवरून आबांनी मान उचलली. पावलांच्या आवाजानं गावातलं कुत्रंसुद्धा ओळखणारे आबा. म्हणाले, "पाव्हणं कोन आलंय?"

"मी हाय, आबा."

"व्हय व्हय," ते म्हणाले, "बस," आणि पाहुण्यासाठी सरकतात तसे सरकले.

दुसऱ्या दिवशी कापणी. हौसानं इर्जिक घातली होती, तिच्या नावानं. मी दौंडला गेल्यापासून, भात झडलं ते साल सोडता, ती दरवर्षी घालत होती, आणि आता पंधरा-सोळा माणसं यायची. कापायला माणसं ओळीनं लागतात, एकेकाच्या वाट्याला एक पात, म्हणजे वावराची उभी पट्टी. हौसानं त्यातही शिस्त घातली होती. भात झडलं त्या सालापासून ज्याचा विळा तिच्या वावरात आधी आला तो वर, मागून आला तो खाली. पहिली पात तिची. दुसरी किसनची. मग बेडशाचे, मग वाडीतले. मी विळा घेऊन किसनच्या वरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. माझं शेत, माझा नंबर वर.

हौसा म्हणाली, "तितं न्हाई. शेवटाला."

मला वाटलं थट्टा. "अगं, मी ल्हानपनापासनं कापतोय हितं."

"खंड पडला. खंड पडला का तळापासनं."

सगळी ओळ विळे घेऊन खाली मान घालून उभी. किसन म्हणाला, "वयनी, राहू द्या की. मी सरतो."

"तुमी हालायचं न्हाई, भावजी." मग ती माझ्याकडे वळली. सहा वर्षांत तिनं आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "सगळ्यांना सांगत फिरता, बायकूसाठी आठ दिस ऱ्हायलो आन् बदली गेली. मी ऱ्हा म्हनले हुते? मी जा म्हनले. माज्या नावची इर्जिक तुमाला सोसली न्हाई, म्हनून ऱ्हायला. आन् भात झडत हुतं तवा? एका कारडाला काय पडतं? निम्मं भात मी मातीतनं येचलंय, एकेक दाना. बाबूला शिव्या देता, किसनभावजींशी बोलत न्हाई. माज्याकडं कवा बगितलं?"

एरवी मी भांडखोर माणूस, पण त्या दिवशी मी ओळीच्या शेवटाला गेलो. तिथली पात बांधाकडेची, वेडीवाकडी, दगडांची. माझ्या वरच्या पातीवर वाडीतली एक म्हातारी होती, गेल्या वर्षी पहिल्यांदा आलेली. तिनं माझ्याकडे बघून पदराआड तोंड दाबलं.

लोणावळ्याची जागा मी लढून घेतली होती, तिचं पुढं काय झालं तेही सांगतो. काही वर्षांनी घाटात विजेची इंजिनं आली आणि मागून रेटणारं वाफेचं इंजिन मोडीत निघालं. जिच्यासाठी मी मित्र तोडला ती जागाच उरली नाही. किसनशी मी बोलायला लागलो, पण उशिरा, आणि पहिला शब्द त्यानंच काढला. म्हणाला, "दत्तू, विळ्याला धार हाय का तुज्या?"

आता वीस-एक वर्षं झाली. ओळीत मी थोडा वर सरकलो, पण हौसानं कधी हातानं वर घेतलं नाही. माणसं म्हातारी झाली, काही गेली, म्हणून नंबर आपोआप हलला. यंदा किसनचे गुडघे गेले. काल त्यानं नातवाच्या हाती निरोप धाडला की येणं होणार नाही. आज सकाळी ओळ लागली, हौसाच्या शेजारची पात रिकामी. दव पडलेलं, वास भरून आलेला, माझं टकुरं फिरलेलं. हौसानं त्या पातीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"किसनभावजींची पात रिकामी हाय," ती म्हणाली. "येता का?"

सहा वर्षं जी जागा मागितली ती हीच असावी. पण किसनची जागा आपली समजायची, हे मी लोणावळ्याच्या वेळी एकदा मनातल्या मनात केलं होतं. पुन्हा नको.

"मी हितंच बरा," मी म्हणालो. शेडमधलं ते वाक्य जन्मात पहिल्यांदा खोटं नव्हतं.

रिकाम्या पातीला हात न लावता ती आपल्या पातीत वाकली आणि म्हणाली, "मग कापा. ऊन वर आलं."